मुठीमागची स्प्रिंग

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पिस्तूल हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला. काडतूसही त्यांचेच. पगार, बटाटा, चावी, बिजागरी आणि पिस्तूल, काडतूस हे सगळे एकाच गलबतातून उतरले म्हणायला हरकत नाही. तोफ तुर्की, बंदूक अरबी. मूळ 'बुंदुक' म्हणजे हेझलनट, म्हणजे फळाची छोटी गोळी. पण पिस्तुलाच्या आत शिरलात की एकदम घर लागते. ज्याचा आघात होतो तो घोडा, बोटाने ओढायचा तो चाप. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. आणि आपल्याकडे एखाद्याला 'चाप लावणे' म्हणजे गोळी घालणे नव्हे, तर आवर घालणे! हत्यार ओढायच्या भागालाच आवरण्याचा अर्थ चिकटवणारी भाषा मला फार शहाणी वाटते.

तुम्ही म्हणाल, कवितेच्या माणसाला पिस्तुलाचे काय? तर सांगतो. माझ्या आईचे माहेर शिकलगारांचे. 'सैकल' म्हणजे झिलई, आणि ती करणारा तो सैकलगर. त्याचा मराठीत शिकलगार झाला. पूर्वी तलवारी-कट्यारींना धार नि झिलई देणारी ही माणसे पुढे सुऱ्या-कात्र्यांवर आली. माझे थोरले मामू मात्र हत्याराच्याच कामात राहिले. पुण्यात कॅम्पातल्या एका परवानाधारक बंदूकविक्रेत्याकडे ते चाळीसएक वर्षे दुरुस्तीचे काम करत. मी बी.ए. करत असताना, म्हणजे 1988 ते 1990 आणि त्यानंतरही वर्षदीड वर्ष, दुकानाची रजिस्टरे लिहायला जात असे. अक्षर बरे होते आणि इंग्रजी पत्र लिहिता येत होते, एवढीच माझी पात्रता.

या बी.ए.वरून एक गंमत. पहिल्याच आठवड्यात मामूंनी मला विचारले, "तू कितवा बी.ए.?" मी म्हटले, दुसऱ्या वर्षाला. ते म्हणाले, "मग नंबर दोन. जाडा आहेस अजून." नंतर कळले की जुन्या ब्रिटिश उपकरणांत नि बारीक कामात जे स्क्रू वापरत, त्यांच्या आट्यांच्या मापाला 'बी.ए.' म्हणतात. ब्रिटिश असोसिएशन या संस्थेने 1880च्या दशकात ते ठरवले. शून्य नंबरचा स्क्रू सहा मिलिमीटर जाडीचा, त्याच्या दोन आट्यांतले अंतर एक मिलिमीटर, आणि पुढच्या प्रत्येक नंबराला हे अंतर आधीच्या नऊ दशांश. नंबर वाढत जाईल तसा स्क्रू बारीक. दहा नंबरचा स्क्रू पावणेदोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. आट्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. आपल्या आजच्या मेट्रिक स्क्रूचा साठ, जुन्या व्हिटवर्थचा पंचावन्न. तेव्हा दिसायला सारखा दिसणारा स्क्रू पहिले दोन आटे गोडीने जातो आणि तिसऱ्याला भोक खाऊन टाकतो. "बसला म्हणजे बसला असं नाही," हे मामूंचे वाक्य मी पुढे कवितेतल्या यमकांबद्दलही फार वापरले.

आता मूळ अडचणीकडे येतो. बाहेरच्या देशातून खासगी माणसाला पिस्तूल आणता येणे आपल्याकडे 1980च्या दशकाच्या मध्यात बंद झाले. नामवंत नेमबाजांना सवलत राहिली, ती वेगळी. नऊ मिलिमीटरसारखी माप तर सामान्य परवान्यावर मिळतच नाहीत. म्हणून परवानेवाल्यांकडे जी विलायती पिस्तुले दिसत ती बहुतेक बत्तीस बोअरची, आणि तीही आजोबा-वडिलांच्या काळात आलेली. वेब्ली अँड स्कॉट, कोल्ट, ब्राउनिंगच्या आराखड्याची बेल्जियमची एफ.एन., वाल्थर, स्पेनची स्टार आणि अस्त्रा. यांतली किती घराणी नंतर बुडाली ते पाहा. कोल्टचे 1903चे खिशातले पिस्तूल 1945 सालीच बंद झाले. वेब्लीने 1979मध्ये बंदुका-पिस्तुले करणे थांबवले. स्टार आणि अस्त्रा या दोन्ही स्पॅनिश कंपन्यांना 1997मध्ये टाळे लागले. हत्यार इथे, त्याचा कारखाना मात्र कबरीत. मग त्यातली एवढीशी स्प्रिंग मोडली तर मागायची कुणाकडे?

पिस्तुलात सगळ्यात आधी हरवते ते मॅगझिन. सुटे होते ना! कुणी सुरक्षिततेसाठी पिस्तूल एका कपाटात नि मॅगझिन दुसऱ्या कपाटात ठेवतो, आणि तो माणूस गेला की दुसरे कपाट कुणाला ठाऊक नसते. (हा शब्द अरबी 'मखझन'वरून आलेला. मखझन म्हणजे कोठार. आपला खजिना त्याच धातूचा. माझ्या कविता ज्या मॅगझिनांत छापून येत, त्यांनाही कोठार म्हणतात हे कळल्यावर मानधनाबद्दलची माझी तक्रार थोडी वाढली.) त्यानंतर जातात मुठीवरच्या पट्ट्या. त्या कडक रबराच्या असत, वाळून तडकतात. मग बारीक स्प्रिंगा थकतात. रिकामे पिस्तूल उगाच कटकट वाजवत बसण्याची खोड असलेल्या मालकाची फायरिंग पिन तुटते. नळी सहसा जात नाही. मोठे लोखंड टिकते, बारीक जाते.

वेब्लीची एक खासियत होती. बाकीच्या पिस्तुलांत सरकता भाग परत जागेवर आणायला वेटोळ्याची स्प्रिंग असते. वेब्लीत ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी, मुठीच्या उजव्या पट्टीखाली दडवलेली. वेटोळ्याची स्प्रिंग माप जुळवून कुठून तरी मिळते. हा चिमटा मात्र कुठे मिळावा? पोलादाला पाणी पाजणे म्हणजे काय ते मला मामूंनी या स्प्रिंगच्या निमित्ताने दाखवले. तापवून विझवलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ होते. मग ते पुन्हा हळूहळू तापवायचे आणि रंग पाहायचे. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशे अंशांच्या आसपास निळा. निळ्यावर थांबायचे. पिवळ्यावर थांबलात तर स्प्रिंग मोडेल, निळ्याच्याही पुढे गेलात तर मऊ पडेल. हे सगळे काही क्षणांत होते. मामू त्या वेळी बोलत नसत, दुसऱ्याला बोलू देत नसत आणि दुकानातली ट्यूबलाइट बंद करायला लावत. ट्यूबच्या उजेडात निळा रंग खोटा दिसतो म्हणत.

पण सांगायचे आहे ते दुसऱ्याच स्प्रिंगबद्दल. 1989च्या पावसाळ्यात एक बागायतदार गृहस्थ एफ.एन.चे 1910चे मॉडेल घेऊन आले. वडिलांचे हत्यार, परवाना रीतसर त्यांच्या नावावर झालेला. हे मॉडेल जगाच्या इतिहासात गाजलेले आहे. 28 जून 1914 रोजी साराजेव्होत युवराज फ्रान्झ फर्डिनांडवर झाडले गेले ते याच मॉडेलचे पिस्तूल. बोअर तेवढा वेगळा. जॉन ब्राउनिंगचा आराखडा. ब्राउनिंग हे नाव आपल्याकडे त्याआधीच पोचले होते. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडले तेही ब्राउनिंगच. 1910च्या मॉडेलात तीन प्रकारची सुरक्षा असते. एक अंगठ्याने फिरवायची कळ. दुसरी, मॅगझिन काढलेले असेल तर चाप चालत नाही. आणि तिसरी मुठीच्या पाठीला. हाताने मूठ नीट आवळली तरच ती कळ आत जाते आणि पिस्तूल चालते. हातातून निसटून पडले, लहान मुलाने नुसता चाप ओढला, तर चालू नये म्हणून. या कळीला बाहेर ढकलून ठेवणारी चपटी, पानासारखी स्प्रिंग मुठीच्या आत असते. ती मोडली होती. कळ आत पडून राहिलेली. म्हणजे पिस्तूल कायमच 'मूठ आवळलेली आहे' असे समजत होते.

गृहस्थांचे म्हणणे साधे होते. स्प्रिंग नसली तरी पिस्तूल चालते ना? मग मागची कळ आतच पक्की बांधून टाका, खडखडायची थांबेल. आमच्या मालकांनाही ते पटले. मोठे गिऱ्हाईक, दरवर्षी बंदुका साफ करायला टाकणारे, चार नातेवाईक पाठवणारे. मामूंनी पिस्तूल फडक्यावर ठेवले आणि म्हणाले, "बांधायला तो बैल नाही साहेब. दावं तुटलं की घर कुणाचं ते बघत नाही."

गृहस्थ भडकले. हत्यार माझे, परवाना माझा, तुम्ही कोण सांगणारे? मालकांनी मामूंना आत बोलावले. आत काय झाले ते मला पडद्याआडून ऐकू आले. मामू एवढेच म्हणाले, की दुरुस्तीच्या रजिस्टरात सही माझी असते, भाच्याला सांगून माझे नाव काढा आणि मग बांधा. घरात पाच मुले, दोन मुलींची लग्ने व्हायची होती. चाळीस वर्षांत त्यांना दुसरे काम येत नव्हते, आणि हे काम परवान्याच्या दुकानाबाहेर करता येत नाही. भारतात शस्त्र कायदा 1959चा. त्याच्या पाचव्या कलमात बनवणे नि विकणे यांच्या बरोबरीने दुरुस्ती करणे आणि चाचणी घेणेही परवान्याशिवाय मना आहे. ते दुकान सुटले असते तर उद्या घरी बसून चार कानशी चालवून पोट भरण्याची सोयच नव्हती. मालक बराच वेळ गप्प बसले. मग बाहेर येऊन गिऱ्हाइकाला म्हणाले, "स्प्रिंग मिळेपर्यंत हत्यार आमच्या कस्टडीत राहू द्या. पावती देतो."

आणि मग माझे काम सुरू झाले. स्प्रिंग शोधायची म्हणजे पत्रे लिहायची. मुंबई, हैदराबाद, जबलपूर, कानपूर, कलकत्ता. जिथे जिथे जुने परवानाधारक विक्रेते होते त्यांना. ज्या भागाचे धड नाव कुणाला माहीत नाही त्याचे वर्णन करायचे. चित्र काढता येत नव्हते म्हणून शब्दांत. लांबी किती, रुंदी किती, पान कुठे दुभंगते, वरचे टोक कुठल्या बाजूला वळते. पहिले पत्र मी सुंदर लिहिले. मामूंनी वाचून घेतले आणि विचारले, "याच्यावरून तू स्वतः बाजारात जाऊन ती उचलू शकशील का?" नाही, म्हटले. "मग फाड." चौथ्या मसुद्याला त्यांनी मान डोलावली. त्यात एकही विशेषण उरले नव्हते. कविता लिहिण्याचे शिक्षण मला कॉलेजात मिळाले की त्या दुकानात, हे मला अजून नक्की ठरवता आलेले नाही.

कानपूरहून उत्तर आले की असे काही नाही. कलकत्त्याहून आले की आहे, पण त्यांनी पाठवलेले माप दुसऱ्याच मॉडेलचे निघाले. हैदराबादच्या विक्रेत्याकडे नळी गंजून निकामी झालेले त्याच मॉडेलचे एक पिस्तूल साठ्यात पडून होते. त्यातली स्प्रिंग शाबूत होती. विक्रेत्याकडून विक्रेत्याकडे, दोन्हीकडच्या रजिस्टरांत नोंद करून ती पुण्याला पोचायला आठ महिने लागले. मामूंनी ती भिंगाखाली अर्धा दिवस तपासली. मग बसवली. गृहस्थ आले, पैसे दिले, मामूंकडे न पाहता गेले. पुन्हा त्या दुकानात आले नाहीत. मालकांनी तो विषय नंतर काढला नाही, पण त्या दिवाळीत मामूंचा बोनस कमी होता.

यावर कुणी म्हणेल, एका चपट्या पत्र्यासाठी आठ महिने? आज पुण्यात, भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये असा पत्रा तासाभरात कापून देतील. हे खरेच आहे. बजाजच्या जुन्या चेतकची बनावट कधीच थांबली, तरी आजही नाना पेठेत जुन्या चेतकचे सामान विचारत फिरलात तर काही ना काही हाती लागते. नाही मिळाले तर कुणी तरी घडवून देतो. जुन्या बाजारात, तिथे शाहीर अमर शेखांच्या नावाचा चौक आहे, म्हणून मी तिथे जरा अभिमानानेच रेंगाळतो, बुधवारी नि रविवारी घड्याळाच्या काट्यापासून पंपाच्या वॉशरपर्यंत सगळे मिळते. खडकीत दारूगोळ्याचा कारखाना 1869पासून आहे. पाषाणला शस्त्रास्त्र संशोधनाची सरकारी संस्था आहे, सैन्याची इन्सास रायफल तिथे आकाराला आली. इतक्या कारागिरीच्या शहरात पिस्तुलाचा एक बारीक भाग मात्र घडवता येत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत शस्त्र म्हणजे नुसते आख्खे हत्यार नव्हे, त्याचे भागही शस्त्रच. हा अडथळा मला मुळीच जाचक वाटत नाही. चेतकचा क्लच सुटला तर गाडी थांबते. मुठीमागची स्प्रिंग सुटली तर काही थांबत नाही, हाच तर फरक आहे. आणि जिथे कायद्याबाहेर पिस्तुले घडतात, मध्य प्रदेशच्या हद्दीवरचे उमरटी गाव पुण्याच्या पोलिसांना चांगले माहीत आहे, तिथल्या पिस्तुलाला कुठली कळ नि कुठली तिहेरी सुरक्षा?

भागही शस्त्रच, या वाक्याचा दुसरा अर्थ मला पुढे कळला. मामू दुकानातून निघताना दारावरच्या वॉचमनसमोर दोन्ही खिसे उलटे करून दाखवत. कुणी सांगितले नव्हते. बारीक स्क्रू कपड्यांत अडकतात, बाहीच्या दुमडीत, खिशाच्या शिवणीत. म्हणून ते कामाला बिनखिशाचा एप्रन घालत आणि तरी खिसे उलटत. आधी मला ती कामातली शिस्त वाटे. मग डिसेंबर 1992 आले, मार्च 1993 आला. मुंबईत जे झाले त्यानंतर आमच्या मोहल्ल्यात कोण येते, कोण जाते याची चौकशी होऊ लागली. तेव्हापासून मामू घरी आल्यावर दारातच सदरा काढून मामीकडे देत, आणि मामी तो अंगणात झटकत. दोन मिलिमीटरचा स्क्रू आपल्या घरात सापडला तर तो कशाचा आहे हे कोण कुणाला समजावणार, असा साधा हिशोब होता. ते त्याबद्दल कधी कडवट बोलले नाहीत. "झटकायला काय लागतं?" म्हणत.

2001मध्ये ते निवृत्त झाले, काही वर्षांनी गेले. त्यांच्या टेबलाखाली एक मोठा खण होता. त्यात टाल्कम पावडरचे आणि खोकल्याच्या गोळ्यांचे रिकामे डबे. प्रत्येकात कुठल्या तरी बंद पडलेल्या पिस्तुलाचे सुटे भाग, आणि डब्यावर चिठ्ठी. वर माझ्या अक्षरात मराठी, खाली त्यांच्या हातचे उर्दू. मेव्हण्याने विचारले, अब्बांची एवढी आठवण घरी आणू या का? मी नाही म्हटले. तो खण आमचा नव्हताच. तो दुकानाच्या साठ्यात होता, रजिस्टरात त्याची नोंद मीच केली होती. पुढे दुकान बंद झाले तेव्हा साठा दुसऱ्या परवानाधारकाकडे गेला, डब्यांसकट. मला मिळाले ते भिंग. त्याला परवाना लागत नाही.

मध्यंतरी कायद्यात बरेच बदल झाले. 2016ला नवे नियम आले. 2019च्या दुरुस्तीने एका माणसाकडची हत्यारे तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनची पाच वर्षे झाली. ज्यांच्याकडे तिसरे होते त्यांना ते जमा करावे लागले. साहजिकच आधी गेली ती जुनी, दुरुस्तीला न मिळणारी. निवडणूक आली की परवान्याची हत्यारे पोलिसांकडे किंवा विक्रेत्याकडे ठेवायला सांगतात, तेव्हाही काहींना ती परत न्यावीशी वाटत नाहीत. मला त्यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही. मामूंनाही, मला वाटते, वाटले नसते. हत्यारावर त्यांचे प्रेम नव्हते. अर्धवट काम त्यांना सहन होत नसे, एवढेच.

मागच्या वर्षी एका तरुणाचा फोन आला. आजोबा नुकतेच गेलेले, कपाटात वेब्ली सापडलेले, मुठीची उजवी पट्टी तडकलेली आणि आत 'काहीतरी चिमट्यासारखे' मोडलेले. कुणी तरी त्याला सांगितले होते की आमच्या घराण्यात हे काम होते. ती स्प्रिंग कुठे मिळेल, हा त्याचा प्रश्न. मी त्याला म्हटले, स्प्रिंगचे नंतर पाहू. आजोबांच्या परवान्यावर ते तुम्हाला घरात ठेवता येणार नाही, आधी पोलीस ठाण्याला कळवा, ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा होईल. वारसाच्या नावावर परवाना मिळतो का ते त्यानंतर. तो म्हणाला, आज लगेच घेऊन जाऊ का पिशवीत घालून? मी म्हटले, तुम्ही हातच लावू नका. ठाण्यात फोन करा, ते सांगतील तसे करा, आणि आत गोळी आहे की नाही हे जाणकार माणसालाच पाहू द्या. घरात लहान मुले आहेत का, असेही विचारले. दोन आहेत, म्हणाला. तेव्हा त्याच फोनवर थांबून कपाटाला कुलूप लावायला लावले आणि किल्ली कुणाकडे राहील तेही विचारून घेतले.